चेअरमनसाहेबांचा कान

आमच्या साखर कारखान्यातला तामलवाडीचा कॉम्प्युटरवाला ऊस नेहमी शेंड्याकडून खायचा. "आधी पाणचट, मग गोड. कुठलं टोक आधी, ते ठरवून घ्यावं," म्हणायचा.

वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांचा फोटो पडद्यावर दाखवणारा, बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम त्यानं पास्कल या दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहिला, तर साहेबांचा कान नाकाला चिकटला. सभा तासाभरावर, साहेब मागं उभे. मी, शेजारचा कारकून, खुर्ची घेऊन हळूच बाजूला सरकलो.

तो निवांत. "फोटोचे तुकडे जोडीनं ठेवलेत. जुना प्रोग्राम डावा आधी घ्यायचा, ह्यो उजवा आधी घेतोय." त्यानं जोड्यांची अदलाबदल केली. चेहरा जुळला.

साहेब म्हणाले, "मघाचाच बरा होता की!"

रोजंदारीवरचा तो कॉम्प्युटरवाला ऊस सोलत म्हणाला, "व्हय साहेब. पन तुमचा ह्यो हाय."