सुटली का बिडी?

ट्रेनिंगला आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. बिडी सोडवताना पेशंटवर चिडायचं नाही, त्याचं ऐकून घ्यायचं. डिंभे धरणाकडच्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून मी गेली कित्येक वर्षं ऐकूनच घेतेय. किती जणांची सुटली ते विचारू नका. किस्से मात्र कपाटभर झालेत!

शिनोलीचे एक भाऊ महिन्याने आले, अगदी ताठ मानेनं.

"सोडली का बिडी?"

"सोडली की, मॅडम!"

"मग कानावर काय खोचलंय?"

त्यांनी कान चाचपला. "हीच ती! आत्ता दारात अर्धी झाली आन सोडली."

दुसऱ्या एकाला म्हटलं, सोडायची तारीख तुम्हीच ठरवा. "लावणी झाली की सोडतो." लावणी झाली. "काढणी झाली की." काढणी झाली. "यात्रा तेवढी व्हऊ द्या." माझा पेशन्स संपला. म्हटलं, "आजच सोडा!"

माणूस दचकलाच. "आज कसं मॅडम? आत्ताच नवा बंडल फोडलाय की!"

आमच्या भिंतीवर काळ्याठिक्कर फुफ्फुसाचं पोस्टर आहे. एक ट्रॅक्टरवाले त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मोबाईलवर फोटोही काढला. मी मनात म्हटलं, चला, एक तरी मासा गळाला लागला. पुढच्या खेपेला स्वतःहून सांगायला आले, "मॅडम, तुमचा फोटो लई कामाला आला."

"सोडलीत?"

"न्हाई वो. स्टेटसला ठिवला. तवापासनं माझ्याकडं कोणी बिडीच मागत न्हाई!"

आहुप्याच्या एका मामांना मोफत सल्ल्याचा नंबर दिला होता. तलफ आली की फोन करायचा.

"केला का फोन?"

"केला ना. रेंज टेकाडावर मिळती. चढून गेलो, दम लागला, म्हणून बसून एक वढली. मंग फोन लावला. बाई इचारती, शेवटची बिडी कधी प्यालात? म्हनलं, आत्ताच, तुमच्यापायी!"

आता सांगा, चिडायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं?

धरणात मासेमारी करणारे एक बाबा होते. दोन घरं चालले तरी धाप लागायची, जाळं ओढणं कधीच सुटलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर घरात ऑक्सिजनचं मशीन आणावं लागेल. बाबा मान डोलवायचे आणि बाहेर जाऊन पेटवायचे. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी, बाकावर गप्प बसून असायच्या.

शेवटी वैतागून म्हटलं, "बाबा, तुमचा धूर या आजींच्याही छातीत जातो, माहितीये का?"

बाबांनी नेहमीसारखी मान डोलवली. आजींनी मात्र पहिल्यांदाच तोंड उघडलं. "म्हंजी मी बी वढतीय?"

"एका अर्थी हो."

"बरं," म्हणाल्या आणि उठल्या.

महिन्याने दोघं परत आले. बाबांच्या खिशात बंडल नाही, काडेपेटी नाही, छातीची घरघरही कमी झालेली! म्हटलं, "ही जादू कशी झाली?" मग बाबांनीच सगळं सांगितलं.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बिडी पेटवली, तर आजी शेजारी येऊन बसल्या. "धूर माझ्यात जातोयच, तर मंग नीटच जाऊ द्या," असं म्हणून बंडलातली एक काढली आणि पेटवली! मग रोज तेच. बाबांनी पेटवली की आजींनी पेटवायची. अंगणात, चुलीपुढं, जावयासमोरसुद्धा! खोकून खोकून डोळ्यांतून पाणी यायचं, पण बाई मागे हटेना. चौथ्या दिवशी बाबांनी अख्खा बंडल चुलीत घातला.

"आजी, माझी खुर्ची तुम्हीच घ्या!" मी म्हटलं. आजी खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

बाबांनी स्टूल पुढं ओढलं, आवाज बारीक केला.

"मॅडम, माझी सुटली. आता हिची तेवढी सोडवा!"