चौथ्या रविवारची मेणबत्ती

माझ्या मुलाच्या बालवर्गातल्या बाईंइतका विजेच्या दिव्यांचा दुस्वास करणारा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडायचा नाही. पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या मयूर विहारला आमच्याच सोसायटीत राहायला आल्या, आणि पहिल्याच दिवशी जिन्यातला बल्ब काढून माझ्या हातात देत म्हणाल्या, "भर दुपारी हा कशाला? सूर्याला कमीपणा येतो." मी सोसायटीचा सेक्रेटरी, बल्ब धरून उभा राहिलो. संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलं तर कप चाचपून शोधावा लागे. मीटर तपासणाऱ्याने तर मला विचारलं होतं, "आंटीजी यहाँ रहती भी हैं?"

बाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. नाताळाआधीचे चार रविवार हा त्यांचा आगमनकाळ. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची, चौथ्या रविवारी चारही पेटवायच्या. या चारही रविवारी संध्याकाळी सोसायटीतली पाच-सहा वर्षांची पोरं त्यांच्याकडे जमत, आणि त्यांत पहिला नंबर माझ्या नातीचा, सईचा. गेल्या वर्षी बाईंनी सांगितलं, घरातला सगळ्यांत छोटा दिवा शोधून या. कुणी फ्रिजमधला सांगितला, कुणी आजीच्या निरांजनातला. सईने गीझरचा लाल ठिपका सांगितला. त्यावर बाईंनी इतक्या टाळ्या वाजवल्या की सई आठवडाभर कुणाला गीझर बंद करू देईना! पुढच्या रविवारी तळहातामागे टॉर्च धरून सगळ्यांनी आपापली बोटं लाल करून पाहिली. चारही मेणबत्त्या आत्ताच लावा म्हणून पोरं हटून बसली की बाई म्हणत, "अं हं. थांबायचं. थांबलं की उजेड गोड लागतो."

तिसरा रविवार झाला आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बच्चों को अँधेरे में बिठाकर आख़िर सिखाती क्या हैं?" मग दुसऱ्याने धर्माचा विषय काढला, मग सगळेच सुटले. त्या काय शिकवतात हे सई मला रोज सांगत होती. मी एक ओळ लिहिली असती तरी पुष्कळ झालं असतं. पण सेक्रेटरीला सगळ्यांशी गोड राहायचं असतं. मी नोटीस काढली, की घरात विनापरवानगी मुलांचे वर्ग घेऊ नयेत. कुणाचं नाव नाही, भाषा अगदी मऊ. त्या मऊपणाची मला आजही किळस येते.

नोटीस द्यायला मीच गेलो. बाईंनी ती खिडकीशी नेऊन वाचली.

"प्रार्थना माझी मी पहाटे करते हो. पोरांना फक्त वाट पाहायला शिकवत होते. तुम्हाला तर ठाऊक होतं."

"बाई, माझा नाइलाज आहे."

"असेल," त्या म्हणाल्या, आणि मला चहा विचारला.

चौथ्या रविवारी त्यांच्याकडे एकही मूल गेलं नाही. सईला मी मॉलमध्ये नाताळची रोषणाई दाखवायला नेलं. ती गाडीत रडून रडून झोपली.

जानेवारीत बाई फरीदाबादला भाच्याकडे कायमच्या गेल्या. निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मेणबत्ती माझ्या हातात ठेवली. "ही पोरांची राहिली. सईला द्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता पुन्हा डिसेंबर आलाय. बाईंची फार आठवण येते. सई रोज विचारते, "आबा, बाईंकडे कधी जायचं?" मेणबत्ती माझ्या कपाटात, सोसायटीच्या फायलींमागे आहे. ती दिली, तर ती लावायची का राहिली हेही सांगावं लागेल, आणि सात वर्षांच्या मुलीला ते सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.