समुद्रपूरला नेलेला डायनामो

वर्ध्याहून दुपारची एसटी चुकली ती माझ्या भाषणापायी. स्टँडवर भिंतीकडे तोंड करून मी सराव करत होतो आणि गाडी पाठीमागून निघून गेली. बाबा म्हणाले, "तू बोलून राह्यला होता, म्हून टोकलं नाई."

घराण्यातला पहिला एम.एस्सी. म्हणून समुद्रपूरच्या एका शाळेने मला बोलावले होते. आपल्या आकाशगंगेसारख्या सर्पिल दीर्घिकांमधले चुंबकत्व हा विषय मीच निवडला. नाव ऐकूनच लोक दबावेत हा हेतू. बाबा सोबत आले ते वेगळ्या कारणाने. पोरगा इतकी वर्षे नेमके काय शिकला, हे त्यांना एकदा समजून घ्यायचे होते.

पुढची गाडी मिळाली. दुतर्फा पऱ्हाटी (कपाशी) फुटली होती. मी पिशवीतला सायकलचा डायनामो कुरवाळत बसलो.

समुद्रपूरला आत्याकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) वाढला. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. आत्या म्हणाली, "दिवा लागला बाई. सकाळी येजो." मी जेवता जेवता अंधश्रद्धेवर बोललो. शेजारणीने ते नीट ऐकून घेतले आणि रिकामी वाटी घेऊन परत गेली.

सकाळी शाळेत चाक फिरवले, बल्ब लागला, टाळ्या पडल्या. दीर्घिकाही असाच डायनामो आहे, असे मी ठोकून दिले. गणिताचे गुरुजी उठले. "सर, ह्याच्या पोटात चुंबक असतो. तिथे कोणी बसवला?"

बाबा पुढच्याच बाकावर होते. मी डायनामो उलटासुलटा करून पाहिला. मग आत्या आठवली. म्हणालो, तिथे चुंबक नाही, विरजण असते. सुरुवातीला अगदी क्षीण चुंबकत्व. दीर्घिकेचा आतला भाग फेरी लवकर पुरी करतो, बाहेरचा मागे पडतो; त्यामुळे विद्युतभारित वायूत अडकलेल्या चुंबकरेषा ताणल्या जातात. वायू वरखाली उसळताना त्यांना पीळ बसतो, त्यातून नव्या रेषा निघतात, त्याही ताणल्या जातात. असे होता होता दीर्घिकाभर दही लागते.

बाबांची मान हलली. मी फुगलो. तोच ते स्वतःच उभे राहिले. "मंग पयलं विरजण कोणाच्या घरचं?"

तर्क पुष्कळ आहेत, खात्रीचे उत्तर कोणाकडेच नाही. पण बापासमोर तसे म्हणणे जड गेले. "ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही," मी म्हणालो. मागे कोणीतरी हसले.

परतीच्या एसटीत मी डायनामो पिशवीच्या तळाशी सारला. शेजारच्या माणसाने बाबांना विचारले, पोरगा काय शिकला म्हणून.

"आभायात दही कसं लागते, ते सांगते तो," बाबा म्हणाले. "विरजण कुठचं, ते अजून कोणालेच माईत नाई. ते मी इचारलं."

वर्धा येईपर्यंत मी त्यात चूक शोधत होतो. सापडली नाही.