अमावस्येला भरलेलं कपाट

"आज हे घरात ठेवायचं न्हाय. आमुशा हाय," नरसम्मा शेजारणीला हळूच म्हणाली आणि चेटकिणीची कादंबरी तिनं माझ्या टेबलावर सरकवली. मग मला म्हणाली, "ताई, परवापातुर कुणाला देऊ नगा. आमची निम्मीच झालीय."

दोघी विड्या वळायच्या. शेजारीण मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्या बायका वळता वळता ऐकायच्या. जाताना नरसम्मानं देवीच्या ठाण्यांचं पुस्तक नेलं, आजच्या रात्रीपुरतं देव्हाऱ्यात ठेवायला. मी नेहमीप्रमाणे नुसती मान हलवली.

सोलापुरातल्या एका वाचनालयात मी काही महिन्यांपूर्वीच सहायक म्हणून लागले होते. इंग्लिश मीडियमची असल्यामुळे माझं मराठी लोकांना हसू आणेल, अशी धास्ती होती. त्यामुळे कुणाला तोंडी पुस्तक सुचवणं जमेना. शेवटी मी डिस्प्ले लावला. डिस्प्ले म्हणजे निवडक पुस्तकं दाराजवळच्या कपाटात मांडणं. जादूटोणा, ज्योतिष, देवीची ठाणी, जादूच्या कादंबऱ्या. प्रत्येकात माझी चिठ्ठी: 'आधी हे वाचा', 'हे एकट्यानं वाचू नका'. नोकरीत माझं म्हणावं असं तेवढंच होतं. एरवी त्या कपाटात चार पुस्तकंही शिल्लक नसत; आज मात्र सकाळपासून एकेक परत येत होतं.

कार्यवाह आप्पासाहेब चादरींचे व्यापारी. वाचनालयाचा कारभार तेच बघत. महिन्यातून एकदा येत. त्या दुपारी आले आणि कपाटासमोर उभे राहिले.

"मागच्या खेपेला असंच गच्च. त्याच्या आधीही. कोण वाचतंय हे?"

मी एक चिठ्ठी उगाच सरळ केली.

"हे एवढं एकच गेलेलं दिसतंय. कुठलं?"

"देवीचं," मी पुटपुटले.

"बघा. लोकांना देवाधर्माचं पाहिजे. उद्या कपाट रिकामं करा. टायपिंग-शॉर्टहँडची पुस्तकं लावू."

ते वळले. माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. आजच्या चौकोनात काळं वर्तुळ होतं. गेल्या महिन्यात ते आले, तेव्हाही असंच वर्तुळ होतं.

"सर," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "आज दुकान बंद?"

"आज आमुशा की. आमुशेला आम्ही नवा सौदा करत नाही. आजोबांपासूनची रीत. म्हणून तर हितं यायला सवड मिळते."

ते कपाट पुढे कुणी हलवलं नाही. उलट शेजारी दुसरं आलं. कपाट भरलेलं दिसलं की आधी तिथी बघायची, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मराठी चुकेल का, हा विचार पहिल्यांदाच मनात आला नाही.

"सर, तुम्ही अमावस्येला सौदा करत नाही, तर या बायका अमावस्येला चेटकीण घरात कशी ठेवतील? पौर्णिमेला या. कपाट रिकामं नसेल, तर ही पुस्तकं मी स्वतः काढते."