तेरा, पंधरा, अकरा, चौदा

माझ्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू नवी विकत घेतली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. त्यांची स्कूटर दुसऱ्या हातची, फ्रिज तिसऱ्या हातचा, आणि भिंतीवरचं घड्याळ किती हातांतून आलं होतं ते त्या घड्याळालाही सांगता आलं नसतं. "नव्या वस्तूचा आजार अजून कळायचा असतो," ते म्हणत, "जुन्या वस्तूचा कळलेला असतो. म्हणजे निम्मं काम झालं." लग्नात त्यांना माझ्या आजोबांनी कोरी सायकल दिली होती. ती त्यांनी आठवड्याभरात एका मित्राला वापरायला देऊन टाकली आणि वर्षाने परत आणली. तोवर तिचे सगळे दोष बाहेर आले होते आणि आता ती बसण्यालायक झाली आहे असं त्यांचं मत होतं.

कारखान्यात प्रत्येक मशीनला एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलेलं असे. त्यावर चार रकाने: बिघाड, कारण, उपाय आणि बंद काळ, म्हणजे मशीन किती वेळ बंद राहिलं ते. निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. आतोबांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मागून आणला. मग घरातल्या पंख्याला कार्ड, मिक्सरला कार्ड, दाराच्या कडीलासुद्धा कार्ड. कारणाच्या रकान्याबद्दल ते फार कडक होते. 'आपोआप' हा शब्द तिथे चालत नसे. "आपोआप काही बिघडत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं ते केलेलं नसतं. त्याचं नाव लिहायचं." मिक्सरच्या कार्डावर त्यांनी एकदा लिहिलं, 'कारण: गृहिणीने खोबऱ्याचे मोठे तुकडे टाकले.' दुसऱ्या दिवशी त्याखाली आत्याच्या अक्षरात पेन्सिलीने एक ओळ आली होती: 'फिटरला वड्यांची घाई होती.' आतोबांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि खाली सही केली. नोंद खरी होती, त्यामुळे त्यांचा इलाज नव्हता.

आत्याची एकच गोष्ट त्यांच्याकडे येणं होती. त्यांच्या लग्नात कल्याणच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा आणला होता आणि त्यात एक माणूस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी पट्टी सरकवत वाजवत होता. आत्याला तो आवाज इतका आवडला की नवरीने मान खाली घालून बसायचं हे विसरून ती वळून वळून त्या माणसाकडे बघत राहिली. शेजारी बसलेल्या नव्या नवऱ्याला हे कळलं. "मी शिकेन ती," आतोबा तिथेच म्हणाले. त्यांनी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर दर वाढदिवसाला आत्या विचारायची, "गिटार कुठवर आली हो?" आणि आतोबा सांगायचे, "रिटायर झालो की." रिटायर झाल्यावर ते म्हणू लागले, "चांगली जुनी मिळाली की." असं करत अडतीस वर्षं गेली.

मग आत्याच्या पोटात दुखू लागलं. ठाण्यात तपासण्या झाल्या. मी ठाण्यातल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळे अर्धी रजा टाकून सोबत गेलो होतो. डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलत होते. वर्ष निघेल असं सांगता येत नाही, म्हणाले. आतोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिघाड कळला. कारण काय?"

"काका, याचं असं एक कारण सांगता येत नाही."

कारणाचा रकाना कोरा सोडणारा माणूस आतोबांना पहिल्यांदाच भेटत असावा. तिघे रिक्षाने निघालो. माजिवड्याच्या सिग्नलला आत्या म्हणाली, "गिटारचं तेवढं राहिलं बघा."

"शिकायला वेळ लागतो गं."

"मग न शिकता वाजवा. मी कुठे परीक्षा घेणारे?"

पंधरा दिवसांत आतोबांनी फोनवर एक जाहिरात शोधली: स्टील गिटार, जुनी, चालू स्थितीत. विकणारे गृहस्थ माजिवड्यालाच राहत होते. पूर्वी बोटींवरच्या बॅंडमध्ये वाजवायचे. आता साखरेमुळे त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये दोन वाद्यं होती. एक भिंतीला टेकवलेली, साधी, सहा तारांची, मांडीवर घेऊन वाजवायची. लग्नातल्या त्या माणसाकडे होती अगदी तशी. आणि दुसरं खिडकीखाली चार पायांवर उभं असलेलं एक प्रकरण. वर दहा तारा, खाली पायाने दाबायचे तीन पेडल, गुडघ्याने ढकलायच्या चार दांड्या, आणि पोटात सळ्या, स्प्रिंगा, कप्प्या. पेडल दाबला की सळी ओढली जायची आणि वरच्या ठरावीक तारांचा सूर चढायचा.

"नवशिक्याने ही भिंतीकडची घ्यावी," गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले. "ती दुसरीही गिटारच, पण शिकायला दहा वर्षं लागतात."

पण आतोबा तोपर्यंत जमिनीवर उताणे झोपून त्या दुसरीच्या खाली शिरले होते. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. टॉर्च हलत होता आणि आतून आवाज येत होता, "वा! रिटर्न स्प्रिंग बघा! वा! एक सळी वाकडी नाही!" अर्ध्या तासाने ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांना धूळ लागली होती आणि चेहरा असा झाला होता की तसा मी तो आत्याच्या तपासण्या सुरू झाल्यापासून पाहिला नव्हता.

"ऐकायची नाही का?" गृहस्थांनी विचारलं.

"आवाज नंतर. आधी मशीन."

"आणि दहा वर्षं?"

"दहा वर्षं कुणाकडे आहेत?" आतोबा कपडे झटकत म्हणाले, आणि तीच घेतली. गृहस्थांनी तारांचा एक कोरा संच बरोबर दिला. जुन्या तारा गंजल्या होत्या. एका कागदावर त्यांनी दहाही तारांची जाडी आणि सूर क्रमाने लिहून दिले. टेम्पोत ती गिटार आडवी ठेवून आम्ही डोंबिवलीला आणली. आत्या पलंगावर उठून बसली. "अहो, मी गिटार म्हटलं होतं," ती म्हणाली, "तुम्ही शिलाई मशीन आणलंत."

त्याच संध्याकाळी तारा बदलायला घेतल्या. आतोबांनी कागद वाचला, मायक्रोमीटर काढून प्रत्येक तार मोजली आणि ते संतापले. कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. कागदावरचा क्रम होता: तेरा थाऊ, पंधरा थाऊ, मग अकरा, मग चौदा, आणि पुढे सतरा, वीस असा नीट चढत जाणारा. "तेरा, पंधरा, अकरा, चौदा! हा काय क्रम आहे? बारीक ते जाड असं लावायचं सोडून! बोटीवर झिंगून लिहिलंय बहुतेक."

"मुद्दाम तसं असेल," मी म्हणालो.

"तू कपाटात पुस्तकं नंबराने लावतोस ना? की तेरा, पंधरा, अकरा लावतोस?"

"नंबरानेच."

"मग तू पुस्तकं लाव. तारा मी लावतो."

लाल पेन्सिलीने त्यांनी कागद दुरुस्त केला: अकरा, तेरा, चौदा, पंधरा. सूर मात्र कागदावरचेच ठेवले. आणि तारेची उरलेली शेपटी लोंबत ठेवणं हे कुठल्याही चांगल्या फिटरला शोभत नसल्यामुळे दहाही तारांची टोकं खुंटीशी सफाईने कापून टाकली. सूर चढवायचं काम उद्या, असं म्हणून ते उठले.

घरी आल्यावर मी सवयीने ते शोधून पाहिलं. अशा गिटारीच्या पहिल्या दोन तारा ओळीबाहेरच्याच असतात, सगळ्या जगात तसंच लावतात, हे मला पाच मिनिटांत कळलं. मी फोन हातात घेतला. आत्या झोपली असेल, वाटलं. आतोबांना चूक दाखवलेली आवडत नाही, वाटलं. वडीलधाऱ्यांना त्यांची चूक आपणहून कळू द्यावी, अशी काहीतरी शहाणपणाची भाषा मी स्वतःशी वापरली आणि फोन ठेवून दिला.

सकाळी नऊ वाजता तिसऱ्या जागेवरची तार तटकन तुटली. तिथे अकराची तार हवी होती. चौदाच्या तारेला तेवढा उंच सूर पेलणं शक्यच नव्हतं. आतोबांच्या हनुवटीवर बारीक लाल रेघ उमटली. बाकीच्या तारा हलवाव्यात तर टोकं कापलेली, दुसऱ्या खुंटीपर्यंत पुरेनात. त्यांनी माजिवड्याला फोन लावला. गृहस्थ पलीकडून इतक्या जोरात बोलत होते की आत्याला पलंगावर ऐकू गेलं: "अहो फिटरसाहेब, तारा आहेत त्या! शाळेची प्रार्थना आहे का, उंचीप्रमाणे उभ्या करायला?" आत्या हसली. हसताना तिने पोट धरलं होतं.

डोंबिवलीच्या दुकानात तसा संच मिळेना. दुकानदाराने साध्या गिटारीच्या सुट्या तारा दिल्या. त्यातली बारीक तार पेडलच्या पहिल्याच ओढीला गेली. परदेशातून संच मागवला. तो आज येतो, उद्या येतो, कुठल्यातरी तपासणीत अडकतो, असं चाललं. दरम्यान आत्याचं जेवण कमी झालं, मग उठणं बंद झालं. आतोबा सकाळ-संध्याकाळ तारा उतरवून ठेवलेल्या त्या मशीनपुढे बसून पेडल दाबायचा सराव करत. खालून नुसता खट, खट असा आवाज येई. "छान जमतंय," आत्या डोळे मिटून म्हणायची, "पण सूर जरा कमी लागतोय."

संच आला तेव्हा आतोबांनी कागदाबरहुकूम तारा लावल्या: तेरा, पंधरा, अकरा, चौदा. शेपट्या तशाच लोंबत ठेवल्या. गिटार विजेवरची असल्याने आवाजासाठी तिची वायर एका जुन्या रेडिओला जोडली. दुपारचे चार वाजले असतील. त्यांना वाजवायला काहीच येत नव्हतं. त्यांनी नुसत्या तीन तारा छेडल्या आणि दोन पेडल हळूच खाली दाबले. तीनपैकी दोन सूर वर चढले, एक जागेवर राहिला. मग पेडल सोडले. चढलेले सूर परत घरी आले. एवढंच. पण तो आवाज त्या लग्नाच्या हॉलमधलाच होता.

आत्याने डोळे उघडले. "परत."

त्यांनी परत तेच केलं.

"पुढचं?"

"पुढचं येत नाही गं. अजून एवढंच."

"मग तेच वाजवा," आत्या म्हणाली. आतोबांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण ती म्हणाली, "बोलू नका. वाजवा." त्यांनी दिवे लागेपर्यंत तेच वाजवलं. असे तिला चार दिवस मिळाले. पाचव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर आतोबा फार राहिले नाहीत. त्यांचं हृदय कधी कुरकुरल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ती वस्तू नवीच होती आणि भरवशाची नव्हती. वर्षश्राद्धाच्या आधीच एका सकाळी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मूलबाळ नसल्याने घर आवरायला मी गेलो. पंख्याचं कार्ड काढलं, कडीचं काढलं. मिक्सरचं काढताना आत्याची पेन्सिलीची ओळ पुन्हा वाचली. गिटारवर चादर होती. ती बाजूला केली तेव्हा एका पायाला लटकवलेलं कार्ड दिसलं. ते तिथे आहे हे मला माहीत नव्हतं.

बिघाड: तारांचा क्रम बदलला. कारण: फिटर. उपाय: कागदाप्रमाणे लावल्या. बंद काळ: एकेचाळीस दिवस.

एकेचाळीस हा आकडा त्यांनी दोनदा गिरवला होता. खाली सही होती.

मी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि 'फिटर' या शब्दापुढे लिहिलं, 'आणि भाचा'. नोंद खरी आहे. तिच्याखाली सही करणारं आता कुणी नाही.

गिटार माझ्याकडे आणली आहे. मलाही वाजवता येत नाही आणि शिकायचं वय राहिलेलं नाही. कधी दुपारी घरी असलो तर तीन तारा छेडतो आणि दोन पेडल दाबतो. दोन सूर वर जातात, एक जागेवर राहतो. मग मी पाय उचलतो आणि ते दोन्ही परत येईपर्यंत बसून राहतो.