नाना लेकीच्या शेजारी बसले तो दिवस

आपले नाना म्हणजे बसवरचे ड्रायव्हर. उभी हयात स्टिअरिंगवर गेली. घाट म्हणू नका, चिखल म्हणू नका, गाडीला ओरखडा म्हणून नाही. या गोष्टीची ऐट इतकी, की दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी त्यांचा पाय ब्रेक शोधायचा. रिक्षावाले वैतागायचे.

लेक एकुलती एक. कॉलेजात गेल्यावर म्हणाली, मला गाडी शिकवा. नाना म्हणाले, हे पोरीबाळींचं काम नव्हे. झालं, बसली रुसून. पुढं लग्न होऊन परदेशी गेली आणि तिथं आपली आपण शिकली. नानींनी फोनवर ऐकून सांगितलं, तर नाना नुसतं "हं" म्हणाले.

मग दोघं म्हातारी गेली तिच्याकडे. सुट्टीच्या दिवशी जावई म्हणाला, चला, द्राक्षांचे मळे बघू, तिथं वाइन करतात. तो वाइन चाखणार, म्हणून गाडी लेकीकडे. तिला मळ्यांचं काय हो? बापानं एकदा शेजारी बसून आपल्याला ड्रायव्हर म्हणावं, एवढीच तिची आस.

निघतानाच फजिती. तिकडे सगळं उलटं. नाना सवयीनं डावीकडच्या दारानं आत बसले, तर समोर स्टिअरिंग. लेक म्हणाली, "नाना, ती माझी जागा." नाना मुकाट्यानं उतरले आणि पलीकडून येऊन बसले. नानींनी मागं पदर तोंडाला लावला.

रस्ता वळणावळणाचा, दोन्हीकडे तारांवर चढवलेले वेल. प्रत्येक वळणाला नानांचा पाय खाली दाबला जायचा. शेवटी नानी म्हणाल्या, "अहो, पत्रा फाटेल." लेकीचे कान लाल झाले.

पहिल्या ठिकाणी लोक वाइन चाखायला पेला गरगर फिरवत होते, घोट घेऊन तोंडात घोळवत होते आणि सरळ बादलीत थुंकत होते. नाना म्हणाले, एवढं लांब येऊन चूळच भरायची, तर घरी काय नळ नव्हता? जावई हसून हसून बेजार. तेवढ्यात तिथल्या बाईनं लेकीपुढं पेला धरला. नाना बोलणार, त्याच्या आधीच लेकीनं हातानं स्टिअरिंगची खूण केली आणि मान हलवली. नानांनी मिशीवरून हात फिरवला. गाडी निघाल्यावर पुढच्या वळणाला त्यांचा पाय हलला नाही, हे नानींनी बरोबर टिपलं.

आणि तिथंच समोरून ट्रॅक्टर आला. मागं द्राक्षांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या, तो काय मागं जाणार? रस्ता एका गाडीचा, एका बाजूला खोल चर. गाडी उलटी घेत थेट मागच्या वळणावरच्या रुंद जागेपर्यंत न्यायची. लेकीचा हात गियरवर थबकला.

जावई पटकन बोलून गेला, "नाना, तुम्हीच घ्या ना. तुमचा हात बसलेला आहे."

नानांनी दार उघडलं. लेकीनं पट्टा सोडायला हात नेला, डोळे भरले होते तिचे.

"बसून राहा," नाना म्हणाले. "ड्रायव्हर खाली उतरत नसतो."

आणि स्वतः गेले गाडीच्या मागं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या थापेवर गाडी मागं घेतली, तो लेकीच्या गाडीवर थाप मारत उभा राहिला. "येऊ दे, येऊ दे... जरा डावीकडे... येऊ दे." चराच्या कडेला स्वतः उभे, म्हणजे तिला आरशात कड कळावी. पोरीनं अशी सरळ घेतली गाडी, की वेलाचं पानसुद्धा हललं नाही. "बास," म्हणून नानांनी एकच थाप दिली.

ट्रॅक्टरवाल्यानं जाताना म्हाताऱ्याला बघून टोपी उचलली. नानांनी मान हलवली आणि बोट दाखवलं लेकीकडे.

पुढच्या मळ्यावर मालक गप्पिष्ट निघाला. जावयाला विचारलं, तुमचे सासरे काय करतात? जावई सांगायला लागला, बसवर ड्रायव्हर होते. नानांनी त्याला मध्येच थांबवलं.

"त्याला सांग," म्हणाले, "ड्रायव्हर ही. मी हिच्या गाडीवर कंडक्टर आहे."