लिंबाखालचा संपकरी

मी चौथीच्या वर्गात मोर झालो होतो. एक पाय वर, दोन्ही हात पिसाऱ्यासारखे पसरलेले, आणि खिशातला फोन थरथरला. नातेपुत्याच्या काळे सरांचा होता. "कोरे गुरुजी गेले." मी तसाच एका पायावर उभा राहिलो... पोरांना वाटलं मोराचंच काहीतरी चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कोरे गुरुजी म्हणजे आमच्या शिक्षक संघटनेचे जुने जिल्हाध्यक्ष. जिल्हा परिषदेच्या शाळा टिकल्या पाहिजेत, हे एकच वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत किती साहेबांना ऐकवलं असेल, देव जाणे. आडनाव कोरे, पण फळा कधी कोरा दिसायचा नाही. मी गावच्या नाटकांत खलनायक करायचो, म्हणून मोर्च्यात घोषणा देण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. "तू सोलापुरात वरडलास की मंगळवेढ्याची माणसं जागी हुत्यात," म्हणायचे. हे कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

रिक्त जागा भरा, या मागणीसाठी आम्ही बेमुदत संप केला तेव्हाची गोष्ट. संप पुकारला गुरुजींनीच. आणि थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली, की अध्यक्ष स्वतः गुपचूप शिकवतायत. मला मुळातच चौकशीचा रोग. सरचिटणीस काळे सरांनी "बघून या जरा" म्हणायचा अवकाश, मी मंगळवेढ्याच्या एसटीत. तिथून पुढे एका वस्तीवर गुरुजींची शाळा. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली. तिच्यात शिरून, नाटकातल्या हेरासारखा वाकून, मी डोकावलो. शाळेला कुलूप. पण आवाराबाहेर, लिंबाखाली, गुरुजी आणि सगळी पोरं.

"भायेर ये," गुरुजी मान न वळवता म्हणाले. "लोकांची ज्वारी मोडती. आलाच हायस तर पहिलीला घे."

मी घेतली. हेर पहिल्याच दिवशी फितूर झाला.

बातमी तरीही पोचलीच, आणि सोलापूरला संघटनेची बैठक बसली.

"गुरुजी, तुमी संपावर हाय का न्हाय?" काळे सरांनी विचारलं.

"हाय की. कुलूप हाय, हजेरी न्हाय, पगार मागणार न्हाय."

"मग ती पोरं?"

"ती कुटं संपावर हायत?"

मागं कोणीतरी हसलं. काळे सर हसले नाहीत. "शिकवत होता तुमी. संप फोडला."

"व्हॅन अडवत होतो," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी सांगितलं... संप सुरू झाल्यापासून एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन रोज सकाळी वस्तीवर येऊन हॉर्न वाजवते. आईबाप विचारतात, तुमची शाळा बंदच हाय, घालू का पोरास्नी तिकडं? "आपण म्हणतोय जागा भरा. पोरंच गेली तर शाळा ऱ्हाती का? मग जागा कशाच्या भरणार, काळे सर?"

बैठकीनं तरीही त्यांचं अध्यक्षपद काढलं आणि काळे सरांना दिलं. गुरुजींनी खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "उद्या कोण येतंय? दुसरीचा वर्ग मोकळा हाय." सकाळी लिंबाखाली आम्ही तिघे शिक्षक होतो. व्हॅन आली, हॉर्न वाजवून रिकामी गेली. संप मिटेपर्यंत ती येत राहिली आणि तशीच जात राहिली. कुलूप निघालं तेव्हा सगळी पोरं आत गेली.

गुरुजींच्या अंत्यविधीला सगळी संघटना जमली होती. तरुण शिक्षकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, उद्या शाळा सोडून द्यायच्या ना, श्रद्धांजली म्हणून? काळे सरांनी चष्मा पुसला.

"कोरेसाठी शाळा बंद? उठून यील त्यो."

गुरुजींना ते एकेरीत बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, एक मोठे गुरुजी गेले. पोरांना पुढचं पाठ. शांत उभी राहिली, आणि डोळे मिटल्यामिटल्याच दप्तरं भरायला लागली. मी म्हटलं, "पुस्तकं काढा." भरलेली दप्तरं परत उघडली. मागच्या ओळीतली एक पोरगी शेजारणीच्या कानाला लागली, पण आवाज तिचा माझ्यासारखाच दणदणीत.

"कसला मानूस म्हनायचा ह्यो... मेला तरी सुट्टी न्हाय."

मी फळ्याकडं तोंड केलं आणि बराच वेळ तारीखच लिहीत बसलो.